ग्लुकोज पेशीत शिरते कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पेशी म्हणजे कुलूप आणि इन्शुलिन म्हणजे किल्ली’ हे वाक्य मधुमेहावरच्या बहुतेक माहितीपत्रकांत सापडते. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मीही ते बरीच वर्षे वापरले. समजायला सोपे आहे, म्हणून ते टिकले. पण ते जेमतेम दोन-तीन प्रकारच्या पेशींना लागू पडते आणि तिथेही पुरते बरोबर नाही. मेंदू, यकृत, आतडे, मूत्रपिंड, तांबड्या रक्तपेशी या सगळ्यांचे ग्लुकोज घेण्याचे रिवाज वेगवेगळे आहेत. विद्यार्थी, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्यांतले प्रश्न इथे घेतले आहेत.

ग्लुकोजचा रेणू एवढासा असतो. तो आपोआप पेशीत का शिरत नाही?

पेशीभोवतीचे पटल स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचे असते. ऑक्सिजन त्यातून सहज आरपार जातो, कारण त्याचे तेलाशी वाकडे नाही. ग्लुकोजचे तसे नाही. त्याच्या अंगावर पाण्याला धरून राहणारे पाच हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्यात ते झटकन विरघळते, पण तेलकट थरात शिरायचे म्हणजे भोवतीचे पाणी सोडावे लागते आणि ते त्याला परवडत नाही. म्हणून ग्लुकोजला पटलात बसवलेले दार लागते. हे दार म्हणजे वाहक प्रथिन.

ही अडचण पेशीच्या सोयीचीही आहे. ज्याला दार लागते, त्याच्यावर नियंत्रण ठेवता येते.

अशी दारे किती प्रकारची असतात?

घराणी मुख्यतः दोन. पहिले ग्लुट. माणसात त्याचे चौदा सदस्य सापडले आहेत, पण रोजच्या वैद्यकात पहिल्या पाचांचीच नावे ऐकू येतात. ही वाहक प्रथिने ग्लुकोजला फक्त उताराच्या दिशेने नेतात, म्हणजे जिथे ते जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे. त्यासाठी ऊर्जा खर्च होत नाही.

दुसरे घराणे एसजीएलटी. हे ग्लुकोजला चढावरही ओढून नेते, मात्र सोडियमच्या जोरावर. त्याबद्दल आतड्याच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

‘दार’ म्हटले की भोक डोळ्यासमोर येते. ग्लुट हे भोक नव्हे. ग्लुट-१ ची साखळी ४९२ अमिनो आम्लांची असते आणि ती पटलातून बारा वेळा आरपार जाते. मधल्या खोबणीत ग्लुकोज बसले की प्रथिनाचा आकार पालटतो, बाहेरची बाजू मिटते आणि आतली उघडते. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच उघड्या नसतात. मोठ्या इमारतींना असतो तसला फिरता दरवाजा डोळ्यासमोर आणा. माणसाच्या ग्लुट-१ ची त्रिमितीय रचना २०१४ मध्ये बीजिंगमधल्या नियेंग यान यांच्या गटाने स्फटिकांच्या मदतीने उलगडली.

दारे एकाच कामाची असतील, तर इतके प्रकार कशाला?

कारण प्रत्येकाची ‘ओढ’ वेगळी आहे. ग्लुकोजच्या ज्या पातळीला वाहक आपल्या कमाल वेगाच्या निम्म्याने काम करतो, ती पातळी म्हणजे त्याच्या ओढीचे माप. आकडा जितका लहान, तितकी ओढ जबर. प्रयोगाच्या पद्धतीप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र बदलत नाही.

ग्लुट-३ चा आकडा साधारण २५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, तर ग्लुट-२ चा तब्बल ३००. उपाशीपोटी रक्तातली साखर ७० ते १०० च्या दरम्यान असते, हे लक्षात ठेवून या आकड्यांकडे पाहा. ग्लुट-३ असलेली पेशी साखर बरीच घसरली तरी आपला वाटा ओढत राहते. ग्लुट-२ च्या पेशीत मात्र साखर वाढेल तसा ओघ वाढतो आणि उतरेल तसा मंदावतो. पहिली व्यवस्था चेतापेशींना हवी असते, कारण त्यांना एकही घास चुकवून चालत नाही. दुसरी हवी असते यकृताला, कारण जेवणानंतरचा लोंढा त्याला सामावून घ्यायचा असतो. एवढे कळले की कुठल्या अवयवात कुठला ग्लुट, हे पाठ करावे लागत नाही.

मग इन्शुलिन नेमके काय करते?

पेशीत नवी दारे बसवते.

स्नायू, हृदय आणि चरबीच्या पेशींत ग्लुट-४ असतो. उपाशी अवस्थेत या पेशींतला बहुतेक सगळा ग्लुट-४ पटलावर नसतोच. तो आत, इवल्याइवल्या पिशव्यांमध्ये, गोदामात ठेवल्यासारखा पडून असतो. इन्शुलिन पेशीच्या बाहेरच्या ग्राहीला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटते आणि आत निरोपांची साखळी सुरू होते. ती पीआय-३ कायनेज आणि एकेटी या टप्प्यांतून जाऊन एएस-१६० नावाच्या प्रथिनापाशी पोहोचते. एएस-१६० एरवी या पिशव्यांना रोखून धरते. एकेटीने त्याच्यावर फॉस्फेट चढवले की ब्रेक सुटतो, पिशव्या पटलाकडे सरकतात, त्यात मिसळतात आणि काही मिनिटांत पृष्ठभागावर ग्लुट-४ ची गर्दी होते. चरबीच्या पेशीत ग्लुकोजचा ओघ यामुळे दहा ते वीस पटींनी वाढू शकतो.

इन्शुलिन ओसरले की तेच ग्लुट-४ पुन्हा आत ओढून घेतले जातात. मोडीत निघत नाहीत, पुढच्या जेवणाला तेच परत बाहेर येतात.

हा शोध १९८० चा. कुशमन आणि वॉर्डझाला, तसेच सुझुकी आणि कोनो, या दोन जोड्यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे उंदराच्या चरबीच्या पेशींत हेच पाहिले. तोवर अनेकांचा समज असा होता की इन्शुलिन पटलावर आधीच असलेल्या दारांचा वेग वाढवत असावे. किल्लीची उपमा त्याच जुन्या समजुतीशी जुळते. म्हणून आता वर्गात मी ‘किल्ली’ म्हणत नाही, ‘मुकादम’ म्हणतो. मुकादम स्वतः कुठलेच दार उघडत नाही, तो गोदामातून माल वर आणवतो.

इन्शुलिन नसताना व्यायामाने साखर उतरते, ती कशी?

गोदाम तेच, निरोप दुसरा. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा आत कॅल्शियम वाढते, एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) खर्ची पडते आणि ऊर्जेची चणचण ओळखणारे एएमपीके हे विकर (एन्झाइम) जागे होते. या वाटेने ग्लुट-४ च्या पिशव्या इन्शुलिनच्या ग्राहीला न विचारता पटलावर येतात. काम करणाऱ्या स्नायूकडे रक्तही जास्त वाहत असते, त्यामुळे ग्लुकोज दारापर्यंत पोहोचतेही भरपूर.

टाइप २ मधुमेहात इन्शुलिनचा निरोप अडखळतो, पण व्यायामाची ही वाट बऱ्यापैकी शाबूत राहते. शिवाय व्यायामानंतरचे कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, तो स्नायू इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. इन्शुलिन टोचून घेणाऱ्यांनी ही दुसरी गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: संध्याकाळच्या जोरकस व्यायामानंतर साखर रात्री झोपेत उतरू शकते. मात्रा बदलायची का, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

रक्तात इन्शुलिन जवळजवळ नाहीच, अशा वेळी मात्र ‘पळून साखर उतरवू’ हा हिशेब अंगाशी येतो. स्नायू थोडे ग्लुकोज घेतात खरे, पण यकृताला आवर घालणारे कोणी नसते. ते साखर आणि कीटोन (चरबी मोडून बनणारे इंधन) ओततच राहते.

मेंदूला इन्शुलिन लागतच नाही का?

ग्लुकोज आत घेण्यापुरते बोलायचे तर नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतींतल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. तो अडसर ग्लुकोज ग्लुट-१ मधून ओलांडते आणि पुढे चेतापेशींत ग्लुट-३ मधून शिरते. दोन्ही दारे सदैव पटलावर हजर असतात. मेंदूत इन्शुलिनचे ग्राही आहेत, पण त्यांचे काम भूक आणि चयापचयाशी जास्त निगडित आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, आणि विश्रांतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेतला त्याचा वाटा सुमारे २० टक्के. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते. साठा मात्र नावापुरता. संपूर्ण रक्तात कुठल्याही क्षणी पाचेक ग्रॅमच ग्लुकोज फिरत असते, हे पाहिले की शरीर साखरेची पातळी इतकी जिवापाड का सांभाळते ते उमगते.

साखर ७० च्या खाली गेली की हातपाय थरथरणे, घाम, धडधड सुरू होते. हा मेंदूने वाजवलेला भोंगा. ५४ च्याही खाली गेली की मेंदूचा स्वतःचाच पुरवठा तुटायला लागतो: बोलणे असंबद्ध होते, वागणे विचित्र होते, पुढे शुद्ध हरपते. उतार जिथे उरलाच नाही, तिथे ग्लुट-१ आणि ग्लुट-३ कितीही तत्पर असून उपयोग नसतो. लांबलेल्या उपासमारीत मेंदू कीटोनवर बरेचसे भागवतो, पण ते जुळून यायला काही दिवस लागतात. अचानक उतरलेल्या साखरेला कीटोनचा आधार मिळत नाही.

हे दारच जन्मतः अधू असले तर? १९९१ मध्ये अमेरिकेतले बालमेंदूतज्ज्ञ डॅरिल डी व्हिवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दोन मुलांची नोंद केली. झटके येत होते, रक्तातली साखर व्यवस्थित होती आणि मेंदूभोवतीच्या द्रवातली मात्र फार कमी. एरवी त्या द्रवात रक्ताच्या साधारण दोन तृतीयांश साखर असते. या विकाराला ग्लुट-१ न्यूनता म्हणतात. त्यावरचा मुख्य उपाय म्हणजे कीटोजेनिक (भरपूर चरबी आणि अगदी कमी पिष्ट-साखर असलेला) आहार, कारण कीटोन वेगळ्या वाहकातून मेंदूत शिरतात. पुढचे दार अडले तर मागच्या दाराने जेवण पाठवायचे, इतका तो सरळ आहे. हे निदान लवकर झाले तर मुलाचे पुढचे सगळे आयुष्य बदलू शकते.

तांबड्या रक्तपेशींचे काय?

त्यांच्यात मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जाघरे) नसतात, त्यामुळे ग्लुकोजशिवाय दुसरे इंधन त्यांना चालत नाही. पटलावर ग्लुट-१ खच्चून भरलेला असतो आणि इन्शुलिनशी त्यांचा संबंध नसतो. ग्लुट-१ पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा केला गेला तोही याच पेशींतून.

यकृतात ग्लुकोज जाते आणि तिथूनच बाहेरही येते. एकाच दाराने?

मुख्यतः हो, ग्लुट-२ ने. हे दार दोन्ही बाजूंनी सारखेच चालते. कुठल्या दिशेने चालायचे, ते आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर ठरते.

खरी मेख दाराच्या आत आहे. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजवर ताबडतोब फॉस्फेट चढवले जाते. फॉस्फेट चढलेले ग्लुकोज ग्लुटच्या खोबणीत बसत नाही, म्हणजे ते अडकले. यकृतात हे काम ग्लुकोकायनेज करते. इन्शुलिन ग्लुकोकायनेज वाढवते, ग्लायकोजेन (ग्लुकोज साठवण्याचे रूप) साठवायला लावते, नवे ग्लुकोज बनवणे थांबवते. म्हणजे यकृताच्या दाराला ते हातही लावत नाही, तरी आतली आवक-जावक त्याच्याच हुकमाने चालते. ‘यकृताला इन्शुलिन लागत नाही’ असे कुणी म्हटले तर हा फरक विचारून पाहा. परीक्षेत हमखास चुकणारी जागा आहे.

उपाशी असताना यकृत आपल्या सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेनमधून ग्लुकोज सोडवते, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज या विकराने फॉस्फेट काढून टाकते आणि ग्लुट-२ मधून रक्तात पाठवते. स्नायूंत ग्लायकोजेन याच्या कितीतरी पट असते, पण फॉस्फेट काढणारे ते विकर त्यांच्याकडे नाही. स्नायूत शिरलेले ग्लुकोज रक्तात ग्लुकोज म्हणून परतत नाही.

स्वादुपिंडाला कसे कळते की साखर वाढली?

स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत ग्लुकोज रक्तातल्या पातळीच्या प्रमाणात शिरते. आत ग्लुकोकायनेज त्याचे मोजमाप करते. एटीपी वाढते, पोटॅशियमची एक वाट मिटते, कॅल्शियमची उघडते आणि इन्शुलिन सुटते. जुन्या पुस्तकांत इथले दार ग्लुट-२ असे सरसकट छापलेले असते. ते उंदरांच्या पेशींवरून आले आहे. माणसाच्या बीटा पेशीत ग्लुट-१ चे प्रमाण जास्त आढळते.

आतड्यातून ग्लुकोज रक्तात कसे येते?

इथे एसजीएलटी-१ चे राज्य. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हा वाहक सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू अशी मोट बांधून आत ओढतो. सोडियमला पेशीत घुसायची प्रचंड घाई असते, कारण पेशीच्या मागच्या भिंतीवरचा पंप एटीपी खर्चून त्याला सतत बाहेर फेकत असतो. त्या घाईच्या जोरावर ग्लुकोज फुकटात चढ चढते. मग मागच्या भिंतीतल्या ग्लुट-२ मधून उताराने रक्तात. गॅलॅक्टोज याच वाटेने जाते. फ्रुक्टोजला मात्र स्वतःचे वेगळे दार आहे, ग्लुट-५.

सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून शिरतात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग इथल्या एका परिषदेत मांडली. तिचे मोल कळायला कॉलरा पाहावा लागतो. कॉलऱ्याच्या विषाने आतडे पाणी आणि क्षार भसाभस बाहेर सोडते, पण एसजीएलटी-१ शाबूत राहतो. त्याला ग्लुकोज आणि सोडियम एकत्र दिले की तो दोन्ही आत ओढतो आणि पाणी त्यांच्यामागून येते. नुसते मिठाचे पाणी दिले तर हे घडत नाही. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यावर हेच द्रावण तोंडावाटे दिले आणि मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला ७५ मिलिमोल ग्लुकोज आणि ७५ मिलिमोल सोडियम असते. म्हणून क्षारसंजीवनीत मनाने जादा साखर घालू नये. न शोषलेली साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात.

लघवीत साखर म्हणजे मधुमेहच ना?

बहुधा, पण दर वेळी नाही.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तात साखर १०० असेल, तर त्यातून १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते. निरोगी माणसाच्या लघवीत त्यातले जवळपास काहीच उतरत नाही. नलिकेच्या सुरुवातीला एसजीएलटी-२ साधारण ९० टक्के परत उचलतो आणि पुढे एसजीएलटी-१ उरलेसुरले टिपतो. रक्तातली साखर १८० च्या आसपास गेली की या वाहकांची क्षमता अपुरी पडू लागते आणि साखर लघवीत सांडते.

काही लोकांत एसजीएलटी-२ जन्मतःच कमजोर असतो. त्यांची रक्तातली साखर व्यवस्थित असते, लघवीत मात्र आयुष्यभर साखर जाते आणि सहसा काही बिघडत नाही. म्हणून लघवीच्या एका तपासणीवरून मधुमेहाचा शिक्का मारू नये. रक्त तपासावे.

‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्या याच दारावर काम करतात का?

होय. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे एसजीएलटी-२ अडवतात आणि साखर मुद्दाम लघवीवाटे जाऊ देतात. यांचा पूर्वज फ्लोरिझिन हा पदार्थ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून मिळाला होता. १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी तो दिल्यावर लघवीत साखर येते हे दाखवले. पण फ्लोरिझिन एसजीएलटी-१ लाही अडवतो आणि तोंडावाटे नीट टिकत नाही, म्हणून औषध व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. हृदय आणि मूत्रपिंडांना या गोळ्यांचा होणारा फायदा नुसत्या साखरेच्या हिशेबात बसत नाही. तोटेही आहेत: जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग, आणि क्वचित साखर फारशी वाढलेली नसतानाही होणारा कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लयुक्त होणे). उलट्या, उपास किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मधुमेहात पेशी उपाशी राहतात की साखरेत बुडतात?

दोन्ही, आणि एकाच वेळी. ग्लुट-४ वर अवलंबून असलेले स्नायू आणि चरबी साखरेच्या पुरात कोरडे राहतात. टाइप २ मध्ये स्नायूंतला ग्लुट-४ चा साठा सहसा पुरेसा असतो, फक्त तो वर येत नाही. याउलट डोळ्याचे भिंग, दृष्टिपटल, चेतातंतू, मूत्रपिंडाच्या काही पेशी यांची दारे इन्शुलिनला विचारत नाहीत. रक्तात ग्लुकोज वाढले की तिथेही वाढते. भिंगात त्यातले काही ग्लुकोज सॉर्बिटॉल होते. ते बाहेर पडू शकत नाही आणि पाणी धरून ठेवते. मधुमेहाची जुनी दुखणी नेमक्या याच अवयवांत का दिसतात, याचे एक कारण हे.

गर्भाला साखर कशी मिळते?

वारेतल्या ग्लुट-१ मधून, उताराने. आईची साखर वाढली की बाळाचीही वाढते. आईचे इन्शुलिन मात्र वार ओलांडत नाही, म्हणून बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन बनवते आणि बाळ वजनदार होते. नाळ कापल्यावर साखरेचा ओघ थांबतो, इन्शुलिन मात्र रेंगाळते. अशा नवजात बाळाची साखर पहिल्या काही तासांत वारंवार तपासतात ती यासाठी.

पेट स्कॅनच्या आधी उपाशी का ठेवतात?

शरीरात ग्लुकोज कुठे जास्त ओढले जाते ते दाखवणाऱ्या या तपासणीत ग्लुकोजसारखाच दिसणारा, किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला एफडीजी हा रेणू टोचतात. तो ग्लुटमधून आत शिरतो, त्यावर फॉस्फेट चढते आणि पुढची रासायनिक पायरी न जमल्याने तो तिथेच अडकतो. अनेक कर्करोगांच्या पेशींवर ग्लुट-१ बेसुमार असतो, त्यामुळे त्या उजळून दिसतात. पण तासाभरापूर्वी जेवण झाले असेल तर इन्शुलिन ग्लुट-४ वर आणते, एफडीजी स्नायूंत आणि हृदयात पसरते आणि गाठीच्या वाट्याला कमी येते. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम करू नका असे सांगतात तेही म्हणूनच.

उपाशी राहिले तरी मेंदू झगझगीत दिसतो, तो आपल्या ग्लुट-१ आणि ग्लुट-३ मुळे. मूत्राशयही झगझगीत दिसते आणि रुग्ण अहवालातले चित्र पाहून घाबरतात. तिथे गाठ नसते. एफडीजीमध्ये ग्लुकोजचा एक हायड्रॉक्सिल गट गायब असतो. ग्लुटला त्याने फरक पडत नाही, पण मूत्रपिंडातला एसजीएलटी त्याला नीट ओळखत नाही, आणि गाळलेले एफडीजी परत न उचलता लघवीत सोडून देतो.